मानाचा सीआरओ

माझं तोंड वाईट आहे. हे माझ्या घरच्यांना माहीत आहे आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीतल्या अकराच्या अकरा माणसांना माहीत आहे. "जयाताई आधी बोलतात, मग बघतात," असं स्टोअर सांभाळणारी कल्पिता म्हणते, आणि माझ्यासमोरच म्हणते. पण आजवर माझ्या बोलण्यापायी कुणाची नोकरी जायची वेळ आली नव्हती. ती यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी आली.

आमच्याकडे लिफ्टची कंट्रोल कार्डं दुरुस्त होतात. माजिवड्याच्या पुढे आता तीस-तीस मजल्यांच्या इमारती झाल्यात. तिथली लिफ्ट अडकली की सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टवाल्याला झापतो, लिफ्टवाला आतलं कार्ड उपसून आमच्याकडे धाडतो आणि ते माझ्या टेबलावर येतं. मी काही शिकलेली इंजिनीअर नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी इथे कॉइलला तार गुंडाळायला लागले. कंपनी तेव्हा आबा चालवायचे. आबांनी एक दिवस मला तिथून उठवलं, टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं आणि समोरचा सीआरओ दाखवला.

सीआरओ म्हणजे हातभर लांबीचं, लहानसा पडदा असलेलं यंत्र. त्याची सुई कार्डावर जिथे टेकवाल तिथली वीज कशी वाहतेय ते तो पडद्यावर हिरव्या रेघेने काढून दाखवतो. कुठली रेघ निरोगी आणि कुठली आजारी, एवढं आबांनी शिकवलं. बाकी मी चुकत चुकत शिकले. आता आबा घरी असतात आणि त्यांचा मुलगा सर्वेश कंपनी बघतो. नवा डिजिटल सीआरओ आला, तो सर्व्हिसवाले बाहेर घेऊन फिरतात. माझ्या टेबलावर मात्र तोच जुना. त्या यंत्राने मला माणसांत आणलं असं मी मानते, आणि कुणी त्याला हात लावलेला मला खपत नाही.

हात लावला तो महेंद्र म्हात्रेंनी. हे डोंबिवलीकडचे, वय अठ्ठेचाळीस, मे महिन्यात सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे लागलेले. आधी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं दुरुस्तीचं काम करत होते. तो कारखाना बंद पडला. मग दोन वर्षं त्यांनी कल्याण-शीळ रस्त्याला रिक्षा चालवली. माणूस अबोल. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. तेही मला खटकायचं, कारण त्याआधी सगळ्यांच्या आधी मी हजर असायचे.

त्या सोमवारी मी वर्तकनगरहून पोचले तेव्हा साडेनऊ व्हायचे होते. म्हात्रे सीआरओपुढे उभे आणि पडदा काळाठिक्कर. बाजूला लिफ्टचं कार्ड, आणि सीआरओची क्लिप त्या कार्डाच्या हॉट बाजूवर. प्रत्येक कार्डाची एक बाजू थेट भिंतीतल्या विजेला जोडलेली असते. तिला आम्ही हॉट म्हणतो. तिथे सीआरओची अर्थची, म्हणजे जमिनीला जोडलेली, क्लिप लावली तर धडाम. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे.

"उडवलात ना?" मी पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती.

"नाही मॅडम. मी आलो, चालू केला. रेघ आलेली. मग ती खाली सरकत गेली, बारीक झाली आणि गेली. क्लिप लावलेली नव्हती, नुसती ठेवलेली."

"हॉट बाजूवर क्लिप दिसतेय मला. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"कार्डाला सप्लायच दिला नव्हता मॅडम, बघा ना."

मी बघितलं नाही. मी बोलत राहिले. आवाज चढला तशी माणसं जमली, सर्वेश केबिनमधून बाहेर आला, आणि सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "रिक्षा चालवणाऱ्याच्या हातात यंत्र दिलं की असंच होणार."

म्हात्रेंचे कान लाल झाले, एवढं मला दिसलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बरं वाटलं.

सर्वेशने आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तो मला लहानपणापासून मावशी म्हणतो. "मावशी, मशीनचं काय ते बघू. पण म्हात्रेंनी हॉट बाजूला क्लिप लावली असेल तर प्रश्न वेगळाय. आज मशीन गेलं, उद्या माणूस जाईल. असा माणूस मी टेस्टिंगला ठेवू शकत नाही. शनिवारी यांचे सहा महिने भरतायत. त्याच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे."

"बाहेरून माणूस बोलाव," मी म्हणाले.

"या मॉडेलचा माणूस आता मिळत नाही. तुम्ही दोघं मिळून उघडा. जे सापडेल ते बिघाडाच्या पत्रकावर लिहा. खाली दोघांच्या सह्या पाहिजेत."

म्हणजे आरोप करणारी आणि आरोपी यांनी एकाच टेबलावर बसून पुरावा शोधायचा! आबा खुर्चीत असते तर असं केलं नसतं. पण मी मान डोलावली. उघडलं की त्यांचा प्रताप दिसेलच, अशी माझी खात्री होती.

मंगळवारी सकाळी म्हात्रेंनी वरचं पत्र्याचं झाकण काढलं. आत बोटभर धूळ. त्यांनी ब्रशने ती सावकाश बाजूला केली, मध्येच थांबले, आत वाकून काहीतरी बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

"मॅडम, याआधी याने कधी त्रास दिलेला?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं. गेली दोन वर्षं सीआरओ सकाळी उठायला वेळ लावत होता. चालू केला की रेघ वाकडीतिकडी नाचायची, आणि अर्ध्या तासाने, आतून गरम झाला की ताळ्यावर यायची. मी तेवढ्यात चहा करून घ्यायचे. वय झालं की सकाळी कुणाचे गुडघे लगेच चालतात? माझेही चालत नाहीत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सर्वेशने तो भंगारात काढला असता.

"पिवळा बल्ब आहे का? जुना, तारेचा?" म्हात्रेंनी विचारलं.

"कशाला?"

"सिरीजमध्ये लावू. थेट वीज द्यायला नको."

ही पद्धत मला ठाऊक होती, पण ती त्यांना ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. बिघडलेल्या यंत्राच्या वाटेत आधी एक बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब खातो, लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. आत ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. अडचण एकच होती. आता सगळीकडे एलईडी, त्याचा या कामाला उपयोग शून्य. कल्पिताने अख्खं स्टोअर पालथं घातलं. शेवटी मलाच आठवलं. कॉइलचं वॉर्निश सुकवायला आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे, तिच्यात उबेसाठी शंभरचे दोन बल्ब लावलेले असतात. मी कॉइलवाली असताना रोज त्या पेटीशी बसायचे. एक बल्ब काढून आणला आणि म्हात्रेंपुढे ठेवला. शत्रूला दारूगोळा पुरवावा तसंच वाटलं मला.

त्यांनी बटण दाबलं. बल्ब एकदा चमकला आणि विझत विझत नुसती लालसर तार उरली.

दोघंही त्या तारेकडे बघत राहिलो. शॉर्ट नव्हता. क्लिपने धडाम झालं असतं तर काहीतरी जळून शॉर्ट व्हायला हवं होतं.

"आतल्या अर्थची पट्टी जळली असेल," मी म्हणाले.

"बघूया." त्यांनी विजेरी माझ्याच हातात दिली. पट्टी चकचकीत होती, कुठे काळा डागही नाही. पण हार मानेल ती जया पेडणेकर कसली? म्हटलं, अजून बघू.

मग त्यांनी बल्ब काढून थेट वीज दिली आणि मीटर घेतलं. उजव्या हाताने मीटरची सुई आत टेकवायची आणि डावा हात पँटच्या खिशात. काय ऐट, मला वाटलं. हा माणूस चौपाटीवर फिरायला आलाय की काय!

"खिशातला हात काढा. काम करताय ना?"

"मुद्दाम ठेवलाय मॅडम. याच्या पडद्यामागे दोन हजार व्होल्ट असतात. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून जाते. मधे छाती येते. जुन्या कंपनीत आमच्या फोरमनने डावा खिसाच मोठा शिवून घेतलेला, हात कायम आत राहावा म्हणून." ते पहिल्यांदाच थोडं हसले. "तुम्ही आकडे लिहून घेता?"

मी लिहून घेतले. बारा व्होल्ट हवे तिथे साडेसहा. पाच हवे तिथे पावणेतीन. एकशे चाळीस हवे तिथे शहात्तर. ते एकेक आकडा दोनदा बोलायचे आणि मी लिहिला का ते बघायचे. घाई नाही, गडबड नाही. मी अठ्ठावीस वर्षांत कधी इतक्या शांतपणे मोजलं नसेल.

"सगळे एकदमच अर्ध्यावर आलेत," मी वही बघत म्हणाले. "एक पार्ट गेला असता तर एकच आकडा पडला असता."

"बरोबर पकडलंत. म्हणजे सगळ्यांचा बाप एकच आहे, आणि तोच आजारी आहे."

हे मला लगेच कळलं. अशा जुन्या यंत्रात एक व्होल्टेज पक्कं ठरवलेलं असतं आणि बाकीची सगळी त्याच्याकडे बघून आपापली उंची धरतात. घरातल्या कर्त्यानेच अंथरूण धरलं की सगळ्या घराचा आवाज खाली येतो, तसं. तो कर्ता ठरवायला बोर्डावर एक प्रीसेट असतो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा पेच. तो फिरवून बारा म्हणजे बारा करायचे. आता त्या पेचाच्या आसपास बघायचं होतं, आणि त्यासाठी आतला बोर्ड सोडवून बाहेर काढायला हवा होता. त्यात मंगळवार गेला.

बुधवारी दुपारी बोर्ड मोकळा झाला. म्हात्रेंनी तो माझ्यापुढे कापडावर ठेवला, भिंगाचा दिवा ओढून दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा निवांत बघा. माझ्या डोळ्यांना आता जवळचं धरवत नाही. मी डबा खाऊन येतो."

ते गेले. मी भिंगाखाली बोर्ड सरकवला.

पेचाभोवती लालसर तपकिरी खरपुड्या जमल्या होत्या. गंज असेल म्हणून मी दातकोरणीने खरवडलं. गंज असा भुगा होऊन पसरत नाही. तो बोटाला लागला, आणि बोटावरचा तो रंग मी ओळखला. हा रंग मी रोज सकाळी कपाळाला लावते. कुंकू होतं ते. त्याखाली हळदीचा थर, चिकट होऊन वाळलेला. शेजारी झेंडूची एक पाकळी, कागदासारखी. आणि पेचाच्या गंजून तुटलेल्या पायाशी, डिंकाने चिकटवल्यासारखा, तांदळाचा एक दाणा. अक्षता.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. आबांनी घालून दिलेली रीत आहे, आणि आबा घरी बसल्यापासून पूजा मी करते. ड्रिल मशीनला बोटभर कुंकू, सोल्डरिंगच्या स्टेशनला एक फूल. पण सीआरओ मानाचा. त्याच्या डोक्यावर मी कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, ओंजळभर झेंडू, हळद-कुंकू, अक्षता, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी पहिलं त्याच्यावर शिंपडायचे. यंदा तर सर्वेश म्हणाला होता, पुढच्या वर्षी हा ठेवायचा की नाही ते बघू. म्हणून मी अर्धी वाटी पाणी त्याच्यावर वाहिलं. "बाबा रे, टिकून राहा," असंही म्हणाले. आणि त्या डोक्यावर हवा जायच्या फटी आहेत. त्या फटींच्या बरोबर खाली हा बोर्ड.

वर्षानुवर्षं मी त्याला गोड पाणी पाजत आले होते. ते हळदी-कुंकवात मुरलं, दमट हवेत ओलं राहिलं आणि पेचाचा पाय खात गेलं. रोज यंत्र गरम व्हायचं म्हणून कसंबसं चालायचं. दिवाळीची पाच दिवस सुट्टी पडली, यंत्र गार राहिलं, आणि उरलासुरला पाय तुटला. सोमवारी म्हात्रे आधी आले, म्हणून ते सापडले. मी आधी आले असते तर माझ्याच हातात बंद पडला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरानेच संन्याशाला पकडून दिलं होतं.

टेबलावर सफाईच्या द्रवाची बाटली होती आणि शेजारी जुना टूथब्रश. दोन मिनिटांचं काम. घासायचं, पेच बदलायचा, पत्रकावर लिहायचं 'पार्ट जुना झाला'. म्हात्रे सुटले असते. मीही सुटले असते. कुणाचं काहीच बिघडलं नसतं. हा सगळा विचार मी केला, आणि ब्रश हातात घेतलाही. लाज वाटते लिहायला, पण घेतला.

मग डोळ्यांसमोर ते लाल झालेले कान आले. पार्ट जुना झाला असं लिहिलं तरी मी जे बोलले ते अकरा जणांच्या कानात तसंच राहणार होतं. मालकाने सांभाळून घेतलं, पण उडवला त्या रिक्षावाल्यानेच, असं लोक म्हणत राहिले असते. मी ब्रश खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

म्हात्रे डबा धुऊन आले. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बोर्डाकडे. दाणा जागच्या जागी होता.

"तुम्ही काल झाकण काढलं तेव्हाच बघितलेलंत," मी म्हणाले.

"दाणा दिसलेला. बाकीचं नव्हतं दिसत."

"मग बोलला का नाहीत?"

ते स्टूल ओढून बसले. "मी बोललो असतो तर काय झालं असतं मॅडम? नवीन माणूस स्वतःला वाचवायला देवाच्या पूजेवर ढकलतो, असं झालं असतं. आबांच्या कंपनीत."

"आणि मी आत्ता सगळं पुसून टाकलं असतं तर?"

"तर परत रिक्षा," ते म्हणाले. "बॅज ठेवलाय अजून. आई म्हणत होती फेकून दे, मी ठेवला."

मी म्हणाले, "दोन वर्षं हा सकाळी त्रास देत होता. मी काल खोटं बोलले."

"ते कळलेलं मला. सकाळी तुम्ही याला चालू करून अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारायचात. मी मेपासून बघतोय."

मग आम्ही कामाला लागलो. मी घासलं, त्यांनी तुटका पेच काढला. कल्पिताने नवा पेच शोधून दिला आणि बोर्डावरचा दाणा बघून तोंडावर हात ठेवला. तिला म्हटलं, थांब, चारच्या चहाला सगळंच सांगते. बोर्ड सुकवायला आम्ही त्या बल्बच्या पेटीतच ठेवला. तासाभराने बसवला. वीज दिली. म्हात्रेंनी उजव्या हाताने मीटर धरलं, डावा खिशात, आणि मला म्हणाले, "पेच तुम्ही फिरवा. रेघ तुमची आहे."

प्लास्टिकच्या पेचकसाने मी फिरवत गेले. "नऊ," ते म्हणाले. "साडेदहा. हळू. अकरा ऐंशी. अजून केसभर. बारा. बारा. बास." बाकीचे आकडे आपोआप जागेवर आले होते. पडदा क्षणभर काळाच राहिला. मग त्यावर हिरवी रेघ उमटली, सरळ, बारीक, जरासुद्धा न हलणारी. गेल्या दोन वर्षांत इतकी स्वच्छ रेघ मी पाहिली नव्हती. मी टाळी वाजवली. चोपन्न वर्षांच्या बाईने वाजवू नये इतक्या जोरात.

"म्हणजे आता दसऱ्याची पूजा बंद?" मी विचारलं.

"बंद कशाला? जोरात करा. फक्त प्रसाद त्याला भरवू नका."

चार वाजायला आले तेव्हा म्हात्रे पत्रक घेऊन केबिनमध्ये गेले होते. मी मागून पोचले तर सर्वेश खुशीत होता. "मावशी, उत्तम! कुणाचीच चूक नाही. घ्या, सही करा, विषय संपला."

मी पत्रक बघितलं. बिघाडाचं कारण या रकान्यात म्हात्रेंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'दमट हवा व ओलावा.' खाली त्यांची सही. म्हणजे ज्या माणसाला मी सगळ्यांपुढे उघडं पाडलं, तो मला झाकत होता.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"ओलावा होताच की मॅडम," म्हात्रे म्हणाले.

"कुणी ओतला?"

सर्वेश आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकला. मग हळूच म्हणाला, "मावशी, राहू दे ना. आतल्या आत मिटतंय. म्हात्रेंना मी ठेवतोच आहे. बाबांना पण उगाच वाईट वाटेल, त्यांनीच सुरू केलेली पूजा."

"आबांनी पूजा सांगितली होती, अभिषेक नव्हता सांगितला. आणि आरोप मी बाहेर केला, मग माफी आत कशी मागू?"

पत्रक उचलून मी बाहेर आले. चहाची किटली आली होती, सगळे टेबलाशी जमले होते. मी म्हात्रेंचे शब्द एका रेघेने खोडले आणि त्याखाली माझ्या बोजड अक्षरात लिहिलं: 'दसऱ्याच्या पूजेचं नारळाचं पाणी, हळद-कुंकू व अक्षता. टाकणार, जया पेडणेकर.' मग ते मोठ्याने वाचलं. कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"हसा, हसण्यासारखंच आहे," मी म्हणाले. "पण सोमवारी मी यांना जे बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. क्लिप यांनी लावली नव्हती. मी न बघता बोलले. रिक्षा चालवणाऱ्याच्या हातात यंत्र दिलं म्हणाले. बोललेलं परत घेता येत नाही, हे मला कळतं. पण या माणसाने दोन दिवस माझ्या शेजारी बसून ज्या शिस्तीने काम केलं, तसं आपल्यात कुणाला येत नाही. मलाही येत नाही. म्हात्रे, माझं चुकलं. मला माफ करा."

म्हात्रे खाली मान घालून उभे. मग त्यांनी एका ग्लासात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या ताई. गार होतोय."

सहा महिन्यांत ते मला पहिल्यांदा ताई म्हणाले. मी ग्लास घेतला आणि तिथेच उभी राहून चहा संपवला.

सर्वेश केबिनच्या दारात उभा राहून ऐकत होता. "शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?" तो म्हणाला. "म्हात्रे, तुमचं पक्कं झालं असं समजा. पत्र उद्या सकाळी देतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी त्यांची पाठ थोपटली. ते नुसती मान हलवत होते. मग "एक मिनिट" म्हणून मागच्या पॅसेजमध्ये गेले.

मी ग्लास विसळायला मोरीशी गेले होते. पलीकडून त्यांचा आवाज आला. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं.

"आये, पक्का झालो मी... हा, आत्ताच साहेब बोलले... रडतेस कशाला? आता कोण नाय काढत... सोमवारी? काय नाय गं झालेलं सोमवारी. मशीन बंद पडलेली, म्हणून जेवण गेलं नव्हतं. ती केली आज चालू. नाय, एकट्याने नाय. इथे आमच्या एक ताई आहेत, त्यांनी शोधला फॉल्ट. लय हुशार बाई आहे. तुला भेटवीन एकदा."

सोमवारी तो माणूस जेवला नव्हता. माझ्या एका वाक्याने. आणि आईला माझ्याबद्दल सांगत होता ते हे. मी नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले आणि पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसले, त्यांचा चहा नव्याने गरम केला आणि पॅसेजच्या दाराशी जाऊन थांबले, त्यांचा फोन संपायची वाट बघत.